आज पॅलेस बंद आहे

बँकॉकला ग्रँड पॅलेसच्या आसपास कुणी ‘आज पॅलेस बंद आहे’ म्हणालं, तर थांबू नका. सरळ पुढे जा आणि तिकीटखिडकी स्वतःच्या डोळ्यांनी बघा. एवढं वाचून सोडलंत तरी चालेल, पुढचं सगळं आमचं रामायण आहे.

लग्नाला २५ वर्षं झाली म्हणून आम्ही दोघंच गेलो होतो. झेंडा धरलेल्या गाइडच्या मागे फिरायचा यांना कंटाळा, म्हणून सगळं आपलं आपणच ठरवलं. यांचं सांगलीत हार्डवेअरचं दुकान आहे. तीस वर्षं गल्ल्यावर बसलेला माणूस, कोण उधारी बुडवणार हे चालण्यावरून ओळखतो. त्यामुळे फसायची भीती मला नव्हतीच. हे टुकटुकवाल्याशी पाच बाटांसाठी हुज्जत घालतील, एवढीच धास्ती.

पहिले दोन दिवस मजेत गेले. वाट फो देवळातला ४६ मीटर लांबीचा पहुडलेला बुद्ध बघितला, नदीपलीकडे वाट अरुणच्या पायऱ्या चढून गुडघे दुखवून घेतले. तिसऱ्या दिवशी पॅलेस. सफान ताक्सिनवरून केशरी झेंड्याच्या बोटीने था चांग धक्क्यावर उतरलो. सकाळचे साडेनऊ, ऊन आत्ताच चटके देणारं. पॅलेसची पांढरी भिंत समोर दिसत होती.

भिंतीच्या सावलीत एक गृहस्थ उभे होते. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, साठीचे असतील. मोडक्या पण गोड इंग्रजीत म्हणाले, मी इथला शिक्षक, आज भिक्षूंचा विधी आहे, परदेशी लोकांना एक वाजल्यानंतरच आत सोडतात. आमच्या हातातला नकाशा घेतला आणि खिशातल्या पेनाने तीन गोल काढले. एक उभ्या बुद्धाचं देऊळ, एक लहानसं ‘लकी बुद्धा’, आणि तिसरा गोल नुसताच. ‘हे सरकारी एक्स्पोर्ट सेंटर, वेळ असला तर बघा.’ वर बजावलं, पांढऱ्या पाटीचा टुकटुक घ्या, तो सरकारी असतो, ४० बाटांवर एक पैसा देऊ नका.

आपल्याला पैसे वाचवायला सांगणाऱ्या माणसावर संशय कसा घ्यायचा?

टुकटुक तिथेच उभा होता. तिन्ही ठिकाणं, ४० बाट, म्हणजे आपले शंभर रुपये. परत आल्यावर हे स्वतःलाच म्हणाले, सांगलीत शंभर रुपयांत रिक्षावाला स्टेशनवरून घरी सोडताना तोंड वाकडं करतो, आणि हा तीन तास हसत थांबला, तेव्हाच कळायला हवं होतं.

उभा बुद्ध खरोखर भव्य आहे, ३२ मीटर उंच. तो खोटा नाही, तिथे गेल्याचा पश्चात्तापही नाही. दुसऱ्या लहान देवळात मात्र आमच्याशिवाय एकच माणूस होता, कोपऱ्यात शांत बसलेला. आपणहून बोललाच नाही, यांनीच विषय काढला. तो म्हणाला, मी वकील, बायकोसाठी नीलम घेऊन आलो, वर्षातून एकच आठवडा सरकार कर माफ करतं आणि आज शेवटचा दिवस. पावतीही दाखवली. शिक्षकांनी नकाशावर दाखवलेलं सेंटरच हा अनोळखी माणूस सांगत होता, वाटेत टुकटुकवाल्यानेही तेच सांगितलं होतं.

इथेच आम्ही गेलो. एकाने सांगितलं असतं तर हे हसले असते. एकमेकांना न ओळखणारे तिघं वेगवेगळ्या जागी एकच गोष्ट सांगतात आणि तिघांपैकी कुणी काही विकत नाही, हे यांच्या तीस वर्षांच्या हिशेबात कुठे बसत नव्हतं. गल्ल्यावरचा माणूस विकणाऱ्यापासून सावध असतो. साक्षीदारापासून नसतो.

तिसरा गोल म्हणजे खड्यांचं दुकान निघालं. त्यात माझी मीन रास, साडेसाती चालू. दुकानातल्या बाईला हे कसं कळलं देव जाणे, पण ‘इंडियन पीपल, सॅटर्न, ब्लू सफायर’ असं तिनेच सुरू केलं. गार पाणी, एसी, काळ्या मखमलीवर निळे खडे, शिक्क्याचं प्रमाणपत्र. १८,००० बाटांची अंगठी आणि लेकीसाठी १४,००० बाटांचे कानातले. अंगठी माझ्या बोटाच्या मापाची करून हवी का, असं आपुलकीने विचारलं. करून घेतली. वर म्हणे कुरियरने घरी पाठवू, विमानात जोखीम नको. सुदैवाने एवढं मात्र हे ‘नको’ म्हणाले.

एक वाजता टुकटुकवाल्याने आम्हाला भलत्याच रस्त्यावर सोडलं. त्याला दुकानाकडून इंधनाचं कुपन आणि कमिशन मिळतं, हे संध्याकाळी हॉटेलच्या काउंटरवरच्या मुलीने सांगितलं. ती पिशवी बघून फक्त एवढंच म्हणाली, ‘पॅलेस क्लोज्ड?’ आमचे चेहरे बघून तिनेच ११५५ लावून दिला. हा टुरिस्ट पोलिसांचा नंबर, इंग्रजीत बोलतात, जाणाऱ्यांनी मोबाइलमध्ये घालून ठेवा.

दुसऱ्या दिवशी पोलिसांनी नीट ऐकून घेतलं, पण स्पष्ट सांगितलं की खडे खरे असतील तर महाग विकणं हा गुन्हा ठरवणं अवघड. ते दुकानात बोलले, म्हणून कानातले ७० टक्के पैशांत परत घेतले गेले. अंगठी नाही, कारण ती ‘तुमच्या मापाची केलेली’. त्या आपुलकीचा अर्थ तेव्हा कळला. म्हणजे ३२,०००पैकी ९,८०० बाट हाती आले. कुरियर केलं असतं तर तेही नाही. आणि पोलीस ठाणं, दुकान, पुन्हा पोलीस ठाणं यात सबंध दिवस गेला, त्याचा हिशेब वेगळाच.

शेवटच्या सकाळी हट्टाने पॅलेसला गेलोच. साडेआठला उघडतो, साडेतीनपर्यंत तिकीट मिळतं, ५०० बाट माणशी. राजघराण्याच्या समारंभासाठी क्वचित बंद असतो, पण ते पॅलेसच्या संकेतस्थळावर बघावं, रस्त्यावर विचारू नये. आत पाचूचा म्हणवला जाणारा, प्रत्यक्षात जेडचा, सुमारे दीड हात उंचीचा बुद्ध, आणि ओसरीच्या भिंतींवर १७८ चित्रांत रामकथा. मारीचाच्या सोन्याच्या हरणावरून यांनी स्वतःच विनोद केला, तेव्हा चार दिवसांत पहिल्यांदा हसलो.

बाहेर पडलो तर भिंतीच्या सावलीत तेच गृहस्थ. समोर एक तरुण जोडपं, नकाशावर दुसरा गोल चालू होता. हे तरातरा गेले आणि हिंदीत म्हणाले, ‘खुला है, हम अभी अंदर से आए.’ पोरं तिकीटखिडकीकडे पळाली. गृहस्थांनी पेनाला टोपण लावलं, आमच्याकडे बघून हात जोडले आणि सावलीत दोन पावलं मागे सरकले.

सांगलीत सराफाने भिंग लावून सांगितलं, नीलम अस्सल आहे, पण गाळातला, आत चिरा. सोनं धरून पंधरा हजार रुपये फार झाले. सासूबाईंना किंमत सांगितलेली नाही. त्यांचा एकच प्रश्न होता, नीलम आहे, तर उशीखाली ठेवून आधी प्रचिती बघितलीस का? म्हटलं, आई, त्याची प्रचिती तिथेच आली.