प्लिकर्सची कार्डं: ॲप चांगलं, पण खरं काम कागदाच्या गठ्ठ्यात

मुलांच्या हातात एकही फोन नाही, तरी दोनेक मिनिटांत अख्ख्या वर्गाची उत्तरं बाईंच्या फोनवर. एवढ्यासाठी प्लिकर्स हे ॲप घ्यायला हरकत नाही. प्रत्येक मुलाकडे छापलेलं एक कार्ड, त्यावर काळा ठसा आणि चार कडांना ए, बी, सी, डी. उत्तराचं अक्षर वर येईल असं कार्ड धरायचं, बाईंनी कॅमेरा वर्गावरून सावकाश फिरवायचा. अक्षरं मुद्दाम बारीक ठेवलीत आणि प्रत्येक ठसा वेगळा आहे, त्यामुळे शेजाऱ्याचं बघून आपलं फिरवायची सोय नाही.

साध्या संचात ४० कार्डं, एका ए-४ वर दोन, म्हणजे २० कागद. पट त्याहून मोठा असेल तर ६३ चा संच घ्या, ३२ कागद. कार्डाचा नंबर म्हणजे हजेरी क्रमांक असं ठरवून टाकलं की तोच संच सकाळच्या आणि दुपारच्या दोन्ही सत्रांना चालतो. दोन तुकड्या एकत्र बसवल्या आणि ६३ ओलांडले, की मात्र कार्ड संपलं.

ठाणे स्टेशनबाहेर किंवा गोखले रोडला छापायला टाकाल तर आधी सांगा, ‘फिट टू पेज’ नको, शंभर टक्क्यांवर काढा. ठसा लहान झाला तर मागच्या बाकांवरचा वाचला जात नाही. लॅमिनेशन चकचकीत नको. ट्यूबलाइट त्यात चमकते आणि काळ्याच्या जागी कॅमेऱ्याला पांढरा पट्टा दिसतो. मॅट पाऊच मिळाला तर उत्तम, कापताना कागदाबाहेर तीन-चार मिलिमीटर प्लास्टिक राहू द्या, नाहीतर पावसाळ्यात कडा सुटून आत ओल जाते. मॅट नसेल तर लॅमिनेशनच टाळा. २५० जीएसएमच्या (म्हणजे जाड) कार्डशीटवर छापून वहीच्या मागच्या पुठ्ठ्याला ग्लूस्टिकने डकवा. पातळ गोंदाने कार्ड फुगतं, आणि वाकडं कार्ड वाचायला ॲप कुरकुर करतं.

वाचन अडलं तर बहुतेक वेळा कारण अंगठा असतो. ठशावर बोट आलं की कार्ड गळलंच. कडेला धरायला शिकवा आणि स्क्रीनवरची मोजणी हजर मुलांइतकी होईपर्यंत फोन खाली घेऊ नका. जुलैतल्या काळोख्या दुपारी सगळे दिवे लावा, खिडकीकडे पाठ करून उभे राहा.

आता मुख्य मुद्दा. पर्याय आळसाने लिहिले तर हे सगळं नुसतं हात वर करण्याचं महागडं रूप आहे. सहावीतली बेरीज घ्या: १/२ + १/३. पर्याय ५/६, २/५, २/६ आणि १/६. ज्याने २/५ धरलं त्याने अंशात अंश, छेदात छेद मिळवला. त्याला अपूर्णांक म्हणजे काय हेच अजून दिसलेलं नाही. २/६ वाल्याने छेद समान केला पण अंश तसेच ठेवले. १/६ वाल्याने गुणाकार केला, बहुधा चिन्ह नीट न बघता. तीन चुकांची तीन वेगळी औषधं. आणि फक्त ‘४८ पैकी २१ बरोबर’ एवढाच आकडा घेऊन वर्ग सोडला तर यातलं एकही देता येत नाही.

एका प्रश्नावर चुकांप्रमाणे मुलांचे गट पाडू नका. चार पर्यायांत सगळ्यांनी डोळे मिटून कार्ड धरलं तरी ४८ पैकी सरासरी १२ जण बरोबर येतील. त्याच कौशल्यावरचा दुसरा प्रश्न विचारला तर दोन्ही बरोबर येणारे सरासरी ३ उरतात.

स्कॅन शेवटच्या तासाला घ्या, प्रत्येक गटातली मुलं मोजा, त्या गटाच्या सरावकागदाच्या तेवढ्याच प्रती सकाळी काढा. आधीच तिन्ही गठ्ठे छापून ठेवले की अर्धे रद्दीत जातात. २/५ वाल्यांच्या कागदावर एकाच लांबीच्या दोन पट्ट्या छापा, एक दोन भागांत, दुसरी तीन भागांत, आणि दोन्ही सहा-सहा भागांत तोडायला लावा. २/६ वाल्यांना बेरजेआधी १/२ = □/६, १/३ = □/६ अशा चौकटी. १/६ वाल्यांना मिश्र चिन्हांची आठ गणितं, आधी चिन्हाला गोल करायचा. बरोबर आलेल्यांना तसलीच आणखी दहा गणितं देणं म्हणजे शिक्षाच. बेरीज ५/६ येईल अशा आणखी तीन जोड्या शोधायला सांगा. कागदाला गटागणिक ठरावीक रंग देऊ नका, दोन दिवसांत ‘पिवळा म्हणजे ढ’ हे मुलांना कळतं.

घरच्यासाठी पानाच्या कोपऱ्यात क्यूआर द्यायचा असेल तर आधी बालभारतीच्या पुस्तकातला दीक्षा या सरकारी शिक्षण-ॲपचा कोड बघा. खालचा सहा अक्षरांचा संकेत टाइप करूनही चालतो. तो कागदावर लिहून दिला की क्यूआर धुरकट आला तरी अडत नाही. व्हिडिओ उतरवून ठेवता येतो, म्हणजे संध्याकाळी बाबांचा फोन घरी आल्यावर डेटा जळत नाही. स्वतःचा क्यूआर बनवलात तर ‘स्टॅटिक’च घ्या, म्हणजे पत्ता कोडमध्येच राहतो. फुकटचा ‘डायनॅमिक’ मुदत संपली की मरतो आणि छापलेले कागद वाया. दोन सेंटिमीटरहून लहान नको, झेरॉक्सची झेरॉक्स तर मुळीच नको.

प्लिकर्सच्या मोफत खात्यात एका प्रश्नसंचातल्या प्रश्नांच्या संख्येवर मर्यादा आहे, पण दोन प्रश्नांच्या कामाला पुरतं. अपूर्णांक टाइप करताना वैताग येतो. प्रश्न सरळ फळ्यावर लिहा, ॲपमध्ये नुसतं ‘प्रश्न १’ आणि बरोबर अक्षर भरा. प्रोजेक्टरही लागत नाही. मुलांची नावं टाकू नका, हजेरी क्रमांक पुरे. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्यांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे.

पाचपैकी चार तारे गणित-विज्ञानाला. मराठीच्या तासाला दोनच: निबंधाला पर्याय नसतात, तिथे वही घेऊन लाल पेनच बरं.