पोर्ट वाइन मॅग्नोलिया: मेलबर्नच्या अंगणातील वीस महिन्यांचा अनुभव

मेलबर्नच्या पूर्वेकडील उपनगरात आमचे घर आहे आणि मागच्या अंगणात वीस महिन्यांपूर्वी, एप्रिलच्या अखेरीस, मी मॅग्नोलिया फिगोचे झुडूप लावले. ऑस्ट्रेलियात त्याला पोर्ट वाइन मॅग्नोलिया म्हणतात. मूळचे ते दक्षिण चीनमधले असून बारा महिने हिरवे राहते. सोनचाफ्याच्या वासावर वाढलेल्या आणि आता थंड हवेच्या देशात राहणाऱ्या मराठी माणसांना या झुडपाविषयी सविस्तर वाचायला आवडेल, असे वाटल्याने हा अनुभव लिहीत आहे.

त्याआधी मी सोनचाफाच लावून पाहिला होता. वसईच्या बागांतून दादरच्या फूलबाजारात येणाऱ्या फुलांचा वास डोक्यात घर करून बसलेला असल्यामुळे दुसरे काही सुचतही नव्हते. मात्र जुलैत, म्हणजे येथल्या हिवाळ्यात, दुपारचे तापमान 14 अंशांच्या आसपासच रेंगाळते आणि रात्री ते त्याच्या निम्म्यावर येते. माझे रोप पहिल्या हिवाळ्यात पाने गाळून उभे राहिले आणि दुसऱ्या हिवाळ्यात वाळून गेले. येथे आडोशाच्या, उबदार भिंतीपाशी सोनचाफा जगवणारे लोक आहेत. आमच्याकडे तशी भिंत नाही. त्यानंतर त्याच कुळातले, पण थंडी सोसणारे झाड शोधताना फिगोपर्यंत पोहोचले.

रोपवाटिकेतल्या चिठ्ठीवर अजूनही ‘मिशेलिया फिगो’ असे जुने नाव असते, त्यामुळे शोधताना दोन्ही नावे लक्षात ठेवावीत. फ्लॉरेन्सचे वनस्पतिशास्त्रज्ञ मिकेली (1679–1737) यांच्या नावावरून मिशेलिया ही प्रजाती ओळखली जात असे आणि लिनियसने 1753 मध्ये आपल्या सोनचाफ्याला तिच्यातच ‘चंपाका’ या नावाने, म्हणजे आपल्याच चंपकाच्या नावाने, नोंदवले. पुढे ती संपूर्ण प्रजाती मॅग्नोलियात विलीन झाली. नावांपेक्षा मला स्वतःला या नात्याची खात्री पटली ती फांदीकडे पाहून. प्रत्येक पानाच्या देठापाशी फांदीभोवती बारीक वळे असते, कळीवरचे आवरण गळून पडल्याची ती खूण. सोनचाफ्याच्या फांदीवर लहानपणी पाहिलेले तेच वळे येथे बोटाला लागले, तेव्हा फार बरे वाटले.

आता लागवडीविषयी. आमच्याकडे वर हातभर राखाडी माती आणि खाली पिवळी चिकण आहे, जिच्यात हिवाळ्यात पाणी साचते आणि उन्हाळ्यात भेगा पडतात. मॅग्नोलियाची मुळे मांसल आणि ठिसूळ असतात. साचलेल्या पाण्यात ती कुजतात आणि ओढाताण झाली की तुटतात. म्हणून खोल खड्डा न करता कुंडीच्या दुप्पट रुंदीचा उथळ खड्डा केला, मातीत कुजलेल्या पाइनच्या सालीचे खत मिसळले आणि रोप आजूबाजूच्या जमिनीपेक्षा वीतभर उंच अशा उंचवट्यावर बसवले. कुंडीत मुळांची वेटोळी झाली होती. ती न कापता पाण्याच्या हलक्या धारेखाली बोटांनी सोडवली. या कामाला पाऊण तास लागला, पण पुढच्या वीस महिन्यांत रोपाने एकदाही मान टाकली नाही, त्याचे श्रेय मी या पाऊण तासाला देते.

पहिल्या हिवाळ्यात वरून काहीच घडले नाही. पाने तशीच तुकतुकीत राहिली, एकही नवीन फुटले नाही. ऑगस्टमध्ये मात्र पानांच्या बगलेत तपकिरी लव असलेल्या, मखमलीच्या मण्यांसारख्या कळ्या दिसू लागल्या. अनेक मॅग्नोलियांची फुले फांदीच्या टोकाला येतात. मिशेलिया गटातली, सोनचाफ्यासकट, पानांच्या बगलेत येतात. त्या वर्षी सप्टेंबर ते ऑक्टोबर या काळात एकूण अकरा फुले आली.

फूल लहान असते, सुपारीपेक्षा थोडे मोठे, सायीच्या रंगाचे आणि पाकळ्यांच्या कडेला जांभळट लाल रेघ असलेले. ते कधीच पूर्ण उमलत नाही. चिनी भाषेत त्याला हान्श्याव म्हणतात, म्हणजे ओठांत दाबून धरलेले हसू, आणि अर्धवट उघडलेले फूल पाहिल्यावर या नावापुढे मला दुसरे कोणतेच वर्णन पुरेसे वाटत नाही. वासाविषयी मात्र सोनचाफ्याची अपेक्षा ठेवून कोणी हे झाड घेऊ नये. हा वास पिकलेल्या वेलची केळ्याचा आहे. घरी पहिले फूल हुंगल्यावर सासूबाईंनी “हे तर शिकरण!” असे म्हटले आणि तो शब्द इतका अचूक होता की आम्ही आता त्याला घरात तसेच म्हणतो. त्यात केळ्याच्या मागे किंचित मद्याची, आंबूस गोड छटाही आहे. सोनचाफा दुरून बोलावतो आणि ओंजळीत घेतल्यावर गंभीर होतो. हा वास हलका, खाऊसारखा, मुलांना लगेच आवडणारा आहे. मला तो सोनचाफ्याच्या तोडीचा वाटत नाही, पण मनापासून आवडतो.

वासाचे वेळापत्रक समजायला मला पूर्ण एक हंगाम लागला. सकाळी थंडीत फूल नाकाशी धरले तरी जवळजवळ काहीच कळत नाही. 20 अंशांच्या वरची दुपार झाली, वारा पडला आणि ऊन कलायला लागले की तेच झुडूप चार-पाच पावलांवरून जाणवते. मॅग्नोलियांचे परागीभवन प्रामुख्याने भुंगेरे करतात. पिकल्या फळासारखा हा वास त्यांच्यासाठी असावा, असे मला वाटते. वसंतातला एखादा आठवडा थंड आणि पावसाळी गेला, तर फुले असूनही वास मिळत नाही, आणि मेलबर्नमध्ये असे आठवडे बरेच येतात.

यातूनच माझी सर्वांत मोठी चूक उघड झाली. मी झुडूप अंगणाच्या टोकाला, कुंपणालगत लावले होते. सकाळचे ऊन आणि दुपारची सावली या दृष्टीने जागा उत्तम होती, पण संध्याकाळी आम्ही जेथे बसतो तेथपर्यंत वास पोहोचतच नव्हता. हे झुडूप एकदा रुजल्यावर उपटून दुसरीकडे लावणे त्याच्या मुळांना मानवत नाही, म्हणून झुडूप तेथेच ठेवून बाक त्याच्याजवळ नेला. लावण्यापूर्वी आपण संध्याकाळी सहा वाजता नेमके कोठे असतो याचा विचार करावा आणि दारापासून किंवा खिडकीपासून दोन-तीन पावलांत जागा शोधावी. बाकी सर्व उणिवा खतपाण्याने भरून निघतात. ही निघत नाही.

उन्हाळ्याची परीक्षा कठीण होती. मेलबर्नचा वार्षिक पाऊस सुमारे 650 मिलिमीटर, मुंबईत एकट्या जुलैत सरासरी याहून अधिक पडतो, आणि येथे तो वर्षभर थोडा थोडा विखुरलेला असतो. जानेवारीत वाळवंटाकडून उत्तरेचा वारा सुटला की पारा 40 अंशांच्या पुढे जातो. अशा एका दिवसात उत्तरेकडच्या बाजूची कोवळी पाने कडेने करपली. दुसऱ्या उन्हाळ्यापासून असा दिवस येणार हे कळले की आदल्या संध्याकाळी एक बादली पाणी हळूहळू मुरवते आणि त्या बाजूला जुनी सुती चादर बांधते. एरवी आठवड्यातून दोनदा दहा लिटर पाणी पुरले. बुंध्यापासून चार बोटे सोडून लसूणघासाच्या वाळलेल्या कुट्टीचा जाड थर पसरला आहे. तो ओल धरून ठेवतो आणि कुजून खतही होतो.

पहिल्या उन्हाळ्याच्या शेवटी नव्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसू लागला. ही लोहाची कमतरता होती. मॅग्नोलियाला आम्लधर्मी माती लागते, आणि कुंपणाच्या सिमेंटच्या पायातून उतरणारा चुना तेथे आड येत असावा असा माझा अंदाज आहे. चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना सहज शोषता येणारे लोह, दोनदा दिले आणि पाइनच्या सालीचा थर वाढवला. सहा आठवड्यांत नवी पाने हिरवी येऊ लागली. वसंतात आतली काही जुनी पाने पिवळी पडून गळतात, तो मात्र आजार नव्हे. सदाहरित झाडही पाने बदलतेच, फक्त एकदम बदलत नाही.

दुसरा त्रास खवले किडीचा झाला. पानाच्या मधल्या शिरेवर तपकिरी ठिपके, त्यांच्यामागे मुंग्यांची रांग आणि खालच्या पानांवर काजळीसारखी बुरशी, असा सगळा परिवार एकत्रच येतो. ओल्या फडक्याने पाने पुसली आणि ढगाळ दिवशी पानांच्या दोन्ही बाजूंना व्हाइट ऑइल हे किडीवरचे तेल फवारले. कडक उन्हात ते फवारल्यास पाने भाजतात.

छाटणी करायचीच असेल तर फुले संपल्यावर लगेच, म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये करावी. पुढच्या वसंताच्या कळ्या शरद ऋतूपासूनच धरू लागतात आणि हिवाळ्यात कात्री चालवली तर त्याच कापल्या जातात. वीस महिन्यांत माझे झुडूप 45 सेंटिमीटरवरून 80 सेंटिमीटरपर्यंत वाढले आहे. पूर्ण वाढल्यावर ते तीन मीटरपर्यंत जाते, पण त्याला बरीच वर्षे लागतात, त्यामुळे झटपट आडोसा हवा असलेल्यांनी याच्या नादी लागू नये.

इंग्लंडमध्ये किंवा त्याहून थंड ठिकाणी राहणाऱ्यांना मी याऐवजी मॅग्नोलिया लेव्हिफोलिया सुचवेन. ती युन्नानकडची असून थंडी अधिक सोसते. आमच्या पुढच्या अंगणात तिचे एक रोप आहे. पांढरी, मध्ये पिवळे केसर असलेली फुले दिसायला फिगोपेक्षा कितीतरी सुंदर असतात, मात्र वास सौम्य असतो. आणि इंग्लंडसारख्या ठिकाणी दक्षिणेकडे तोंड असलेली भिंत निवडावी; आमच्याकडे सूर्य उत्तरेने फिरतो.

या वसंतात फिगोवर मी साठपर्यंत फुले मोजली आणि मग मोजणे सोडले. शेवटची दोन आज सकाळी वाटीत पाण्यावर ठेवली आहेत आणि दुपारी स्वयंपाकघर तापले की त्यांचा वास ओट्यापर्यंत येतो.