म्युझिक सुपरव्हिजन शिकायचंय: कोर्स, असिस्टंटगिरी, की राइट्सचं टेबल?

सिनेमा-सिरीजमध्ये कुठल्या सीनला कुठलं गाणं लावायचं हे ठरवायचं काम, म्हणजे म्युझिक सुपरव्हिजन, ज्यांना हवं असतं त्यातल्या बहुतेकांकडे भलीमोठी प्लेलिस्ट असते आणि आपला कान चांगला आहे असा विश्वासही असतो, बऱ्याचदा तो खराही असतो, पण गाणं सुचणं हा या कामाचा लहानसा तुकडा झाला. सुचलेलं गाणं बजेटमध्ये बसवून, सगळ्या परवानग्यांसकट, वेळेत हातात आणून देणं हे खरं काम. त्यामुळे शिकायचे रस्ते कम्पेअर करताना मी आधी बघते ते एवढंच, की कुठल्या रस्त्याने खरे कागद तुमच्या हातात लवकर येतात.

आधी बेसिक क्लिअर करू. एका गाण्यात दोन वेगळे हक्क असतात. शब्द आणि चाल एक, ते सहसा पब्लिशरकडे (गीतकार-संगीतकारांचे हक्क सांभाळणारी कंपनी), त्याची परवानगी म्हणजे सिंक लायसन्स. रेकॉर्डिंग दुसरं, ते सहसा लेबलकडे, म्हणजे रेकॉर्ड कंपनीकडे, त्याचं मास्टर लायसन्स. दोन्ही लागतात. बीथोव्हेनची सिम्फनी कॉपीराइटमधून कधीच सुटलीय, पण एखाद्या ऑर्केस्ट्राने अलीकडे केलेलं तिचं रेकॉर्डिंग फुकट नसतं. आणि 'तीस सेकंदांपर्यंत वापरलं तर चालतं' म्हणतात ना, असा काही नियम नाही, कुणी सांगितलं तर ऐकून सोडून द्या.

कोर्सपासून सुरुवात करू कारण सगळे तेच आधी विचारतात. बर्कली या अमेरिकन संगीत कॉलेजच्या 'बर्कली ऑनलाइन'वर या विषयाचा स्वतंत्र कोर्स आहे, इतरही ठिकाणी आहेत. फायदा असा की सगळी परिभाषा एका जागी मिळते, क्रमाने मिळते, आणि स्पॉटिंग (सीनमध्ये संगीत कुठे हवं ते ठरवणं), क्लिअरन्स (परवानग्या मिळवणं), बजेट हे एकमेकात कसं गुंतलेलं आहे ते कळतं, जे कामावर कुणी बसवून शिकवत नाही. तोटा असा की असाइनमेंटमधला पब्लिशर कायम उत्तर देतो. कुणी नाही म्हणत नाही, कुणी तीन आठवडे गप्प बसत नाही, एडिटर शेवटच्या क्षणी सीन दहा सेकंदांनी लांबवत नाही. सर्टिफिकेटचं म्हणाल तर या व्यवसायात ठरलेली शिडी अशी अजून नाहीच. अमेरिकेतलं गिल्ड ऑफ म्युझिक सुपरव्हायझर्स २०१० मध्ये सुरू झालं, टीव्हीच्या एमी पुरस्कारांमध्ये म्युझिक सुपरव्हिजनची स्वतंत्र कॅटेगरी आली २०१७ मध्ये, ऑस्करला तर नाहीच. लोक क्रेडिट बघतात आणि कुणाबरोबर काम केलंय ते बघतात.

दुसरा रस्ता म्हणजे एखाद्या सुपरव्हायझरकडे असिस्टंट किंवा कोऑर्डिनेटर म्हणून लागणं. हा सगळ्यात सरळ वाटतो आणि ज्याला मिळेल त्याने घ्यावाच, कारण दिग्दर्शक आणि एडिटरच्या खोलीत काय चालतं ते फक्त इथेच दिसतं. टेम्प ट्रॅकचंच घ्या. एडिट करताना तात्पुरतं म्हणून एक गाणं टाकतात, मग दिग्दर्शक तेच आठवडेच्या आठवडे ऐकतो आणि त्याला दुसरं काही पटेनासंच होतं. दिग्दर्शक कुब्रिकने '२००१: अ स्पेस ओडिसी'साठी अ‍ॅलेक्स नॉर्थकडून अख्खा स्कोअर, म्हणजे सिनेमाचं पार्श्वसंगीत, लिहून घेतला आणि शेवटी एडिटमध्ये टाकलेलं शास्त्रीय संगीतच ठेवलं. अशा माणसाला त्याच्या बजेटमधलं दुसरं गाणं कसं ऐकवायचं, कधी ऐकवायचं, एकदम दहा पर्याय द्यायचे की तीनच, हे पुस्तकी नाही, कुणाच्या तरी मागे बसूनच कळतं.

पण तुम्ही स्वतः काय कराल? क्यू शीट भराल. प्रत्येक गाण्याची एक ओळ: नाव, लेखक-संगीतकार, कुणाचा किती टक्के वाटा, पब्लिशर, रॉयल्टी सोसायटी, किती मिनिटं-सेकंद वाजलं, आणि कसं वाजलं, म्हणजे पार्श्वभूमीला गाणं की नुसतं वाद्यसंगीत की पडद्यावर कुणी गाताना दिसतंय. कंटाळवाणं आहे, मान्य, पण एपिसोड टीव्हीवर दाखवला की सोसायट्या या कागदावरून पैसे वाटतात, नाव चुकलं तर कुणाचे तरी पैसे अडकतात. अडचण वेगळीच आहे, जागा फार कमी. सुपरव्हायझरची टीम छोटी असते, काम प्रोजेक्टवर चालतं, सीझन संपला की तुम्हीही मोकळे. आणि एकाच माणसाकडे फार वर्षं राहिलं तर त्याची आवड आपलीच वाटायला लागते.

आता तिसरा, राइट्सचं टेबल, ज्याच्याकडे लोक बघतच नाहीत आणि मला सगळ्यात जास्त पटतो तो. क्लिअरन्सचं काम करणारी कंपनी, पब्लिशर किंवा लेबलचा सिंक विभाग, किंवा प्रॉडक्शन म्युझिक लायब्ररी, म्हणजे सिनेमा-टीव्हीसाठी आधीच तयार ठेवलेल्या संगीताचा साठा. ग्लॅमर शून्य. दिवसभर ईमेल. पण त्या ईमेलमध्ये जे असतं ते कुठल्या कोर्समध्ये सापडणार नाही.

समजा ४५ सेकंदांचा वापर आहे, गाण्याचे चार लेखक, तीन पब्लिशर. दोघांनी होकार दिला, तिसऱ्याकडे साडेबारा टक्के आहेत आणि तो उत्तरच देत नाही. गाणं वापरता येत नाही, विषय संपला. किंवा सगळे हो म्हणाले, पब्लिशिंगच्या बाजूने मिळून दहा हजार, लेबलने सांगितले पंधरा, आणि करारात मोस्ट फेवर्ड नेशन्सचं कलम आहे. म्हणजे एका बाजूला जास्त दिलं तर दुसरीलाही तेवढंच द्यावं लागणार, मग तुमचे पंचवीस हजार नाहीत, तीस झाले. हे गणित दोन-तीन वेळा खरोखर करून बघितलं की गाणं ऐकतानाच मनात येतं, याचे लेखक किती असतील. मला वाटतं सुपरव्हायझरचा कान तयार होतो म्हणजे हेच.

दुसरा फायदा, समोरून येणाऱ्या विनंत्या वाचायला मिळतात. 'काहीतरी एनर्जेटिक पण इमोशनल' असलं लिहून पाठवणारे भरपूर आणि त्यांना मिळतंही तसलंच. उलट 'स्ट्रेंजर थिंग्ज'च्या चौथ्या सीझनसाठी तिची म्युझिक सुपरव्हायझर नोरा फेल्डरने गायिका केट बुशकडे परवानगी मागितली तेव्हा सीनची तपशीलवार वर्णनं पाठवली होती, कारण बुश आपलं गाणं सहजासहजी कुणाला देत नाही. १९८५ चं ते गाणं, 'रनिंग अप दॅट हिल', २०२२ मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरवर गेलं. विनंतीत सीन, कालावधी, माध्यम, प्रदेश, मुदत हे सगळं नीट लिहिणं म्हणजे निम्मी लढाई, आणि मुदत-माध्यमात कंजुषी केली की नंतर काय होतं ते बघायचं असेल तर 'डब्ल्यूकेआरपी इन सिनसिनाटी' बघा. रेडिओ स्टेशनवरची कॉमेडी, मूळ प्रसारणात खरी गाणी होती, पुढे लायसन्सची मुदत संपली आणि नंतरच्या आवृत्त्यांमध्ये त्यातली बरीचशी बदलून कुठलंतरी भरतीचं संगीत टाकावं लागलं.

तोटे आहेत ना. कथेची समज इथे वाढत नाही, गाणी फाइल आणि टक्केवारी म्हणून दिसायला लागतात. पब्लिशर-लेबलकडे असाल तर तुम्ही विकणाऱ्याच्या बाजूला असता, आपल्या कॅटलॉगच्या बाहेरचं ऐकायचं राहून जातं. क्लिअरन्स कंपनीत हा त्रास कमी. आणि पगार नियमित मिळतो म्हणून माणूस तिथेच रमतो हेही खरं.

चौथा रस्ता, छोट्या फिल्म्सवर स्वतःच शिकणं, हा मी वेगळा रस्ता धरतच नाही, तो वरच्या कुठल्याही रस्त्याबरोबर चालवायचा. स्टुडंट फिल्मला सहसा स्वस्तातलं फेस्टिव्हल लायसन्स (फक्त महोत्सवात दाखवण्यापुरतं) घेतात, ठीक आहे, फक्त तेव्हाच पुढच्या पायऱ्यांचे आकडे लिहून घ्या, म्हणजे स्ट्रीमिंगला गेली तर किती, सगळ्या माध्यमांसाठी किती. फिल्म विकली गेल्यावर विचाराल तर समोरचा तुमची गरज ओळखूनच आकडा सांगणार.

मग कुणी काय घ्यावं? एडिटिंग किंवा साउंडमधून येत असाल तर सीनची समज आहेच, तुम्हाला कागद हवेत, सरळ क्लिअरन्सची नोकरी शोधा, कोर्सवर खर्च नको. वकिली किंवा अकाउंट्समधून येत असाल तर उलटं, फुकटात का होईना पण दोन-तीन छोट्या फिल्म्स करा, नाहीतर दिग्दर्शकाशी बोलताच येणार नाही. संगीतकार असाल तर प्रॉडक्शन लायब्ररी बरी, फक्त आपलीच गाणी पुढे ढकलायची सवय लागू देऊ नका, ते लगेच कळतं. कशातलंच काही नसेल आणि इंडस्ट्रीत एकही ओळख नसेल तर मात्र कोर्सला अर्थ आहे, पण शिकवणारा आज कुठल्या सिरीजवर काम करतोय ते आधी बघा, आणि क्यू शीट आणि क्लिअरन्सची विनंती प्रत्यक्ष लिहून घेतात का ते विचारा. नुसतं 'सीनसाठी पाच गाणी सुचवा' एवढंच करून घेत असतील तर पैसे ठेवा खिशात.