मिणमिणते हेडलाइट: मोठे बल्ब की रिले?

जुन्या मारुती ८००चे दिवे मिणमिणले की दुकानदार हमखास १००/९० वॉटचे (हायबीम/लोबीम) बल्ब पुढे करतो. पाच मिनिटांचं काम, खर्चही किरकोळ. मोह होतोच.

पण आधी मल्टिमीटर लावा. माझ्या गाडीत इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ व्होल्ट होते, बल्बच्या सॉकेटवर जेमतेम ११.६. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजपेक्षा फार वेगाने पडतो. एवढ्या घटीत तो जवळपास निम्माच उरतो. म्हणजे खोट बल्बात नाही, वाटेत आहे: म्हातारी वायर, काळवंडलेले स्विचचे पॉइंट, गंजलेलं अर्थिंग. त्यातून मूळचे ६०/५५ वॉटचे दोन बल्ब साधारण ९-१० अँपिअर खेचतात. १००चे लावले की हायबीमला १६च्या पुढे. मग सॉकेट वितळतं, स्टीअरिंगखालचा स्विच भाजतो. माझा भाजला, वास अजून नाकात आहे.

रिले म्हणजे थोड्याशा करंटवर चालून मोठा करंट जोडणारा स्विच. तो बसवायला अर्धा दिवस जातो. बॅटरीजवळ १५ अँपिअरचा फ्यूज, तिथून जाड वायर रिलेच्या ३० नंबरच्या पिनला, ८७ वरून बल्बकडे; जुनी हेडलाइटची वायर फक्त ८६ला, ८५ अर्थला. लो आणि हायला वेगवेगळे रिले. स्विचवर आता नावापुरताच करंट. सुरुवात मात्र बॅटरीची निगेटिव्ह काढून करा. आणि बॉडीचा रंग खरवडून नवं अर्थिंग द्या, नाहीतर सगळी मेहनत पाण्यात.

मी रिलेच घातले, बल्ब तेच जुने ६०/५५चे. एलईडीचा विषय काढू नका. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरात ते बहुधा समोरच्याचेच डोळे दिपवतात.