वर्ड्सवर्थ आधी की जॉन क्लेअर?

इंग्रजी निसर्गकविता वाचायची सुरुवात या दोन कवींपैकी कुणापासून करावी, असं एका विद्यार्थिनीनं विचारलं.

निरीक्षणात क्लेअर निर्विवाद सरस. इंग्लंडमधल्या हेल्पस्टन गावचा हा शेतमजूर. नाइटिंगेल पक्ष्याचं घरटं कुठल्या पानांचं, आत अंडी कुठल्या रंगाची, हे वाकून पाहून सांगतो. वर्ड्सवर्थला डोंगर-तळ्यांनी मनात काय जागवलं, याची ओढ जास्त.

गावाचं दुःख दोघांकडे आहे. वर्ड्सवर्थच्या 'मायकल' कवितेतला (१८००) म्हातारा मेंढपाळ विसरता येत नाही. पण १८०९च्या कायद्यानं हेल्पस्टनची सामाईक कुरणं कुंपण घालून खासगी झाली, तो घाव क्लेअरनं स्वतः सोसला. मला तोच जास्त भिडतो.

भाषेत वर्ड्सवर्थ सोपा. क्लेअरचे बोलीतले शब्द अडवतात.

निसर्गातून स्वतःचं मन उलगडायचं असेल तर वर्ड्सवर्थ घ्या. पक्षी, माती आणि हिरावलेली जमीन समजून घ्यायची असेल, तर शब्दकोश शेजारी ठेवून क्लेअर.