अडॅप्टर गेला: कंपनीचा घ्यावा, लोकल की बटणवाला?

वाजवायच्या की-बोर्डचा किंवा आवाजाच्या छोट्या मिक्सरचा अडॅप्टर गेला की नाशिककर एमजी रोड गाठतो. काउंटरवर तीन गोष्टी पुढ्यात येतात: कंपनीचा, म्हणजे बहुतेकदा ‘मागवून देतो’, त्याहून बराच स्वस्त लोकल, आणि ३ ते १२ व्होल्टचं सरकबटण असलेला, ‘सगळ्याला चालतो’ छापाचा.

दुकानात जाण्याआधी वाद्य उलटं करून जॅकजवळचं लेबल वाचा, जमल्यास मोबाइलवर फोटो काढा. व्होल्ट तेवढेच हवेत. अँपिअर लिहिलेत तेवढे किंवा जास्त. जास्तीने काही बिघडत नाही, वाद्य लागेल तेवढाच करंट ओढतं. शेजारी टिंब आणि अर्धगोलाची खूण असते, पिनच्या आत प्लस की मायनस ते ती सांगते. लोक फसतात ते इथेच. यामाहाच्या बऱ्याच की-बोर्डना १२ व्होल्ट, आत प्लस. गिटारच्या बहुतेक पेडलना ९ व्होल्ट, पण आत मायनस. कॅसिओत तर जुन्या कितीतरी मॉडेलना ९ व्होल्ट आत मायनस आणि नव्यांना साडेनऊ आत प्लस. ‘कॅसिओचा द्या’ एवढ्यावर भागत नाही.

हे सगळं जुळत असेल आणि लेबलवर डीसी असेल, तर चांगला लोकल एसएमपीएस (जड ट्रान्सफॉर्मरऐवजी आत इलेक्ट्रॉनिक सर्किट असलेला अडॅप्टर) घ्यावा, असं माझं मत. इनपुट १००-२४० व्होल्टचा असेल तर गणपतीच्या मांडवात व्होल्टेज पडलं तरी तो आउटपुट धरून ठेवतो; जुना ट्रान्सफॉर्मरवाला जड ठोकळा सोबत खाली येतो. एसएमपीएसची खोड एकच: हलक्या प्रतीचा असेल तर स्पीकरमध्ये बारीक शिट्टी सोडतो. म्हणून वाद्य सोबत न्या आणि दुकानातच हेडफोन लावून ऐका. दुकानदार कुरकुरेल, कुरकुरू दे.

मिक्सरचं प्रकरण वेगळं. काही छोट्या मिक्सरचा अडॅप्टर एसीच बाहेर काढतो. लेबलवर आउटपुटपुढे ~ अशी नागमोडी खूण दिसते. त्या एसीतूनच मिक्सर आत प्लस आणि मायनस असे दोन्ही पुरवठे तयार करतो. त्याला डीसी दिला तर तो नीट चालतच नाही, आणि हाच एसी अडॅप्टर चुकून की-बोर्डला लागला तर की-बोर्ड कामातून जाऊ शकतो. अशा मिक्सरला कंपनीचाच मागवा, चार दिवस थांबावं लागलं तरी.

बटणवाला रेडिओला ठीक. त्यातले स्वस्त अनरेग्युलेटेड निघतात: बटण ९ वर, पण लोड नसताना मल्टिमीटर १२-१३ दाखवतो. शिवाय पिशवीत बटण सरकतं. व्होल्ट जास्त गेले की रेग्युलेटर तापतो, कपॅसिटर फुगतात. कमी पडले तर सहसा जळत नाही, पण आवाज वाढवला की फाटतो, घरघर येते, ऐन भजनात की-बोर्ड बंद होऊन पुन्हा चालू होतो.

अमेरिकेतून कुणी काही आणून दिलं असेल तर इनपुट बघा. १००-२४० असेल तर पिन बदलणारा सॉकेट पुरतो. नुसतं १२० असेल तर आपल्या २३० मध्ये लावू नका. बाहेरचा अडॅप्टर असेल तर इथलाच, त्याच आउटपुटचा घ्या. वीज थेट आत जाणारा अँप असेल तरच स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर, तोही अँपच्या वॅटपेक्षा ऐसपैस.