कॅबरगोलिन गोळी: माझा 8 महिन्यांचा अनुभव

मागच्या वर्षी पाच महिने पाळी आली नाही, घरात सगळ्यांना वाटलं गोड बातमी, पण टेस्ट तीनदा निगेटिव्ह. मग एक दिवस ऑफिसात बघते तर कुर्त्यावर ओला डाग, चक्क दूध येत होतं. मूल नाही बाळ नाही आणि दूध, बाथरूममध्ये जाऊन रडले मी. पहिल्या डॉक्टरांनी टेन्शनमुळे होतं म्हणून पाळी यायच्या गोळ्या दिल्या, त्यात अजून तीन महिने गेले, त्याचा राग अजून आहे. दुसऱ्या मॅडमनी आधी विचारलं, अॅसिडिटीसाठी डोमपेरिडोन घेतेस का, कारण त्यानेही प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध तयार करायला लावणारं हार्मोन, वाढतं. मग थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन तपासलं. 186! साधारण 25 च्या आत हवं. एमआरआयमध्ये पिट्युटरीत, म्हणजे शाळेत शिकलो ती वाटाण्याएवढी पियुषिका ग्रंथी, तिच्यात 7 मिमीची गाठ.

ट्यूमर शब्द ऐकून आईने हायच खाल्ली. पण हार्मोनवाल्या डॉक्टरांनी नीट समजावलं की प्रोलॅक्टिन बनवणाऱ्या गाठीला बहुतेक वेळा ऑपरेशन लागतच नाही, ही कॅबरगोलिन गोळी डोपामिनसारखं, म्हणजे प्रोलॅक्टिनला आवर घालणाऱ्या मेंदूतल्या रसायनासारखं काम करते, प्रोलॅक्टिन उतरतं आणि गाठही आकसते. मोठी गाठ असेल तर डोळ्यांच्या नसा दाबल्या जाऊन बाजूचं दिसेनासं होतं, तेव्हा थांबायचं नसतं.

आता गोळी. रोज नाही, आठवड्यातून दोनदाच, मला अर्धी अर्धी दिली. पहिल्यांदा सकाळी उपाशीपोटी घेतली ती चूक, मळमळ आणि उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी, ओट्याला धरून उभी होते. तेव्हापासून बुधवार आणि शनिवार रात्री जेवून, घेतली की सरळ झोपायचं. महिन्याभरात त्रास गेला. दूध सहा आठवड्यांत बंद, तिसऱ्या महिन्यात पाळी आली, प्रोलॅक्टिन 19. गोळी अगदी बारकी आहे, अर्धी करताना हातातून उडते, मी ताटलीत धरून तोडते.

एक गोष्ट मला कोणी आधी सांगितली नव्हती, पाळी परत यायच्या आधीच दिवस राहू शकतात, त्यामुळे मूल हवं असो नको असो, डॉक्टरांशी आधीच बोला. आणि पाळी आली म्हणून मनाने बंद करू नका, पातळी परत चढू शकते. माझ्याकडून 5 पैकी साडेचार, अर्धा मार्क त्या पहिल्या सकाळचा कापला. पुढचा एमआरआय दिवाळीनंतर आहे.